ब्रेकवरचा पाय

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन बारीकसा स्क्रू उघडायचा. आमच्याकडे आत बायको आणि खाली मी. मी खालून ओरडतो, "दाब!" ती दाबते. "धर!" ती पाय तसाच रोवून ठेवते. मी स्क्रू उघडतो, बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत येतं, स्क्रू पुन्हा आवळतो आणि मग म्हणतो, "सोड." त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. अगदी सुरुवातीला दाराची बेल वाजली म्हणून तिने पाय उचलला होता, तेव्हा मी सोसायटीभर ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. त्यानंतर माझ्या शब्दाशिवाय तो पाय कधी हलला नाही. आत बसून ती मटार सोलते, बहिणीशी फोनवर बोलते, पण पाय जागेवर असतो.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, बसकी आणि लाल. मांजरी गावात एका गोठ्यात कडब्याखाली सापडली. "हिचं काय करणार हाय तुम्ही?" असं मालकाने विचारलं तोवर मी पैसे मोजायला घेतले होते. मग कित्येक रविवार पार्किंगमध्ये गेले. इंजिन उघडलं, गंज खरवडला, स्वारगेटच्या बाजूच्या दुकानांतून रबरी वॉशर हुडकले. येणारेजाणारे शेजारी थांबून चौकशी करत, "अजून नाही का झाली? बरं, घाई नाही हो." आमच्या गावात प्रोत्साहन असंच मिळतं. अखेर गाडी सुरू झाली, आणि शहराबाहेरच्या एका खासगी ट्रॅकवर, जिथे माझ्यासारखे जुन्या गाड्यांचे वेडे अधूनमधून जमतात, तिथे पळूही लागली. वळणावर चारही चाकं रस्ता धरून ठेवतात आणि आपण स्वतः बसवलेला एकेक नटबोल्ट आपल्याला साथ देतो, तेव्हा जो आनंद होतो तो मला नोकरीने कधी दिला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतं, कडेचं पुसत चाललंय. गाडी चालवणं बंद, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी आल्यावर मी वकिली सुरू केली, "ते रस्त्याबद्दल बोलत होते. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. रिक्षा नाही, कुत्रं नाही."

"हो ना," बायको म्हणाली, "डॉक्टर ट्रॅकचं सांगायला विसरलेच. फोन करून चूक लक्षात आणून देऊ का?"

मला भीती आंधळं होण्याची नव्हती. त्याला अजून अवकाश होता. भीती ही होती, की गाडी पार्किंगमध्ये उभी राहील, मी रोज तिच्यावरची धूळ पुसेन आणि एक दिवस तेही सोडून देईन. बायकोला हे न सांगता कळलं असावं. आठवडाभराच्या अबोल्यानंतर तह झाला. ट्रॅकपर्यंत गाडी ती चालवणार, ट्रॅकवर मी, आणि ही खेप शेवटची. आदल्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे ब्रेकचं तेल बदललं. दाब, धर, सोड.

ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या छान गेल्या. मग एका वळणाआधी डावीकडे एकदम एक निळी गाडी उगवली. उगवली कसली, ती बराच वेळ तिथेच असणार. मला दिसली तेव्हा तिचा आरसा माझ्या दाराला टेकायच्या बेतात होता. त्या तरुण चालकाने कशीबशी गाडी सावरली. पुढची फेरी मी हळू पूर्ण केली, ट्रॅकबाहेर आलो आणि इंजिन बंद केलं. बायको कठड्यापाशीच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मी हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "झालं माझं." ती एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" म्हणाली नाही. लग्न झाल्यापासून अशी संधी तिने पहिल्यांदाच वाया घालवली.

दुपारच्या फेऱ्यांना चालकाशेजारी आणखी एक माणूस बसलेला चालतो. तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं, सीट पुढे ओढली आणि म्हणाली, "बसा. इतक्या लांब आलोय तर वाया कशाला घालवायचं? तुम्ही सांगा, मी चालवते."

मी एक हेल्मेट उसनं घेऊन शेजारी बसलो. सांगायचं कसं हे मला एकाच भाषेत येत होतं. वळण जवळ आलं. "दाब!" गाडी नाक खाली करून दबली. "धर!" वेग उतरला. आता वळायचं, पाय उचलायचा. मी शेजारून पाहिलं. माझ्या स्टिअरिंगवर तिचे हात होते, बांगडी मनगटावर सरकली होती, आणि गाडी माझ्या हातात वागायची तितक्याच शहाणपणाने वागत होती. मी पाहतच राहिलो. पुढचा शब्द राहून गेला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि ऐन वळणाच्या तोंडाशी एक आचका देऊन बंद पडली. मागच्या गाड्या वळसा घालून गेल्या. दूरवर कोणीतरी धोक्याचा पिवळा झेंडा जिवाच्या आकांताने हलवू लागलं.

"अगं, थांबलीस काय!"

"तुम्ही सोड कुठे म्हणालात?" पाय अजून पेडलवर तसाच होता.

मी हसलो, आणि हसता हसता रडलो. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत. "सोड," मी म्हणालो. तिने गाडी सुरू केली. त्यापुढे मी एक शब्द बोललो नाही, आणि दोन-तीन वळणांनंतर तिचा पाय आपणहून बरोबर जागी सुटू लागला. मला थोडा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, बराच वाटला. पण घरी येताना लक्षात आलं, की गाडी धूळ खात उभी राहील ही माझी भीती गेली होती.

आता पुढच्या महिन्यात तिला पुन्हा ट्रॅकवर जायचंय. परवा पार्किंगमध्ये तिने जुना पंजाबी ड्रेस घातला, पाना घेतला आणि चटई अंथरून चाकाशी आडवी झाली. मी आत बसलो. खालून हुकूम आला, "अहो, दाबा!" मी दाबलं. "धरा!" मी धरलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन आल्या आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. माझ्या पोटरीत गोळा आला. मी पाय जरासा हलवला असेल नसेल.

"सोडा म्हटलंय का मी?" खालून आवाज आला.