फरकवाल्या बाई

दोन शब्दांचा अर्थ सारखाच असतो, असं आमच्या बाईंसमोर कुणी म्हणायची सोय नव्हती. बाई हातातला खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर सारत आणि म्हणत, "सारखाच असता तर इंग्रजांनी दोन-दोन शब्द कशाला सांभाळले असते? येडे हायत का ते?" मुखेडच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. गावात त्यांना फरकवाल्या बाई म्हणत. राहायला आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. एकट्याच असत, त्यामुळे संध्याकाळी गप्पांना आमच्या ओट्यावर हजर. शाळा सुटली तरी माझी काही सुटका नसे.

पुस्तकातली उदाहरणं त्यांना अळणी वाटत. 'हिअर' आणि 'लिसन' शिकवताना म्हणाल्या, "शेजारचं भांडण कानावर पडलं, ते हिअर. आपण मिक्सर बंद करून ऐकलं, ते लिसन." मागच्या बाकावरनं एकीनं विचारलं, "बाई, अन् भिंतीला कान लावला तर?" बाई गंभीरपणे म्हणाल्या, "ते आपल्या सिलॅबसला न्हाई."

'लई' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "चहा लई गोड झालाय म्हणता. म्हंजे आवडला, का ओतून देऊ? व्हेरी का टू, ते सांगा आधी."

एकदा गॅदरिंगला गावातले एक बडे कंत्राटदार पाहुणे होते. हेडसरांनी इंग्रजीतून ओळख करून द्यायचं मनावर घेतलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "ही इज द मोस्ट नटोरियस पर्सनॅलिटी ऑफ अवर तालुका!" आम्ही मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. आदल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं : फेमस माणूस आला की लोक पुढं होतात, नटोरियस आला की खिसा चाचपतात. पाहुणे मात्र खुशीत मान डोलवत होते. आमचं हसणं पाहून हेडसरांनी नंतर बाईंना गाठलं. "बाई, चुकलं का काही?" बाई म्हणाल्या, "न्हाई सर. शब्द लई नेमका बसला."

पुढं मी नर्सिंग केलं, नांदेडला एका दवाखान्यात लागले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. लातूरचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात लॅब असिस्टंट. पाहुणे शिकलेले, म्हणून वडिलांनी बाईंनाही बसायला बोलावलं. आईला हे मुळीच पसंत नव्हतं.

चहा झाला. मुलाचे मामा म्हणाले, "आमची अपेक्षा काही न्हाई. मुलगी फक्त होमली पाहिजे."

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. मी डोळे मिटून घेतले.

"होमली म्हंजे?"

"म्हणजे घरगुती, साधी."

"इंग्लंडात तसं चालंल. अमेरिकेत होमली म्हंजे दिसायला बेताची. तुम्हाला कोणती पाहिजे? घरगुती म्हणाल तर हिला वरणाला फोडणी घालता येत न्हाई. अन् दिसायचं म्हणाल तर तुमच्यासमोर बसलीय."

मामांचा कप बशीवर वाजला. सावरून घ्यायला मुलाची आई म्हणाली, "नोकरीचं आमचं काही म्हणणं न्हाई बाई. लग्नानंतरही आम्ही तिला करू देऊ."

मला खरी धास्ती याच गोष्टीची होती. नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती, आणि चारचौघांत ते बोलायची हिंमतही नव्हती. बाई मुलाकडं वळल्या. "तुम्ही सांगा. लेट म्हंजे करू देणं. मेक म्हंजे करायला लावणं. तुमचा शब्द कोणता?"

मुलानं जरा विचार केला. "बाई, तिची नोकरी मला ओळखायच्या आधीपासूनची हाय. मी लेट करणारा कोण? हेल्प चालंल का? घरी सकाळचा डबा मीच करतो."

"फोडणी येते?"

"येते."

"चालंल," बाई म्हणाल्या.

पाहुणे गेले आणि आई कडाडली. निरोप येईपर्यंत वडीलही बाईंशी बोलले नाहीत. एका दुपारी बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी जास्त बोलले का गं?"

"हाव बाई. लई."

"व्हेरी का टू?"

मला हसू आलं. "व्हेरी," मी म्हणाले. चष्मा पुसत त्या परत गेल्या.

लातूरहून होकार आला. सासूबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की देण्याघेण्याच्या बैठकीला त्या बाईंना बोलवू नका. विहारात लग्न लागलं, तेव्हा मात्र सासूबाई बाईंच्या शेजारीच बसल्या होत्या आणि मामांकडं बघून दोघी तोंडावर पदर धरून हसत होत्या.

लग्नानंतर मी लातूरच्या दवाखान्यात लागले. माझे इंग्रजी मेसेज बाई दुरुस्त करून परत पाठवायच्या. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा सुटल्या नाहीत. मुलगी झाली तेव्हा मी फोन करून म्हटलं, "बाई, आता तरी या."

"व्हिजिट का स्टे?"

"फरक सांगा."

"व्हिजिट म्हंजे चहा पिऊन परत. स्टे म्हंजे तुझ्या सासूला चार दिवस ताप."

"स्टे," मी म्हणाले. सासूबाई शेजारून ओरडल्या, "महिनाभर ऱ्हावा म्हणावं!"

रविवारी निघायचं ठरलं. बाईंनी पोरीसाठी झबली शिवली, बॅग भरली आणि आईला तीनदा विचारलं, लातुरात थंडी कितपत असते. इकडं मी पुढच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. नवऱ्यानं वरणाला फोडणी दिली. पोरगी त्या वासानं शिंकत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"बाई गेल्या गं."

"निघाल्या? कोणत्या गाडीनं? मी ह्यांना स्टँडवर पाठवते."

मी पुन्हा विचारलं, कोणती गाडी. मग आईला रडू फुटलं.