गाडीच्या तोंडावर झेंडूचा हार

२०२४ साल. माझं वय बहात्तर, आणि माझ्या हातात स्टिअरिंग ठेवायचं की नाही यावर आमच्या घरात खल चालला होता. शाळा माझी चौथीपर्यंत. पण भोसरीच्या शेडमधून चाकणच्या कंपन्यांत लोखंडी माल पोचवणारा टेम्पो मी उभी हयात चालवला. रस्ता मला पाठ, आणि रस्त्यालाही मी पाठ असणार.

त्या उन्हाळ्यात आमची जुनी गाडी आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. खांब पोरानं मागच्याच महिन्यात नवा बांधला होता, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. पोरगा चाकणला एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. कामावर माणसं सांभाळतो, घरी मला सांभाळायला बघतो. म्हणाला, "आण्णा, आता अशी गाडी घेऊ, जी वेळ पडली तर स्वतः ब्रेक मारते."

"मग मी काय टाळ्या वाजवू?"

त्यानं मोबाईलवर बघून दोन कंपन्यांच्या गाड्या निवडल्या होत्या, एक पांढरी आणि एक लाल. दोन्हींत म्हणे पुढचं बघणारा डोळा, रस्त्यावरचा पट्टा ओळखणारं यंत्र, सगळं होतं. कोणाचं चांगलं, ते चालवून ठरवायचं होतं.

"चालवा तुम्हीच," पोरगा म्हणाला. "पण तुमच्या चुकीनं गाडीला एकदा जरी ब्रेक मारावा लागला, तर किल्ली माझी."

"व्हय. मारू दे की. मारला तर परत स्टिअरिंगला हात लावणार न्हाई."

हे मी आमच्या मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, देखत बोललो. ती चुलीवरचं विसरेल, पण माझं बोलणं विसरत नाही.

रविवारी दोन्ही गाड्या मोशीला आमच्या दारात आल्या. पांढरीबरोबर टाय लावलेला विक्रेता होता. लालबरोबर एक मुलगी होती, तिला रस्त्यात ट्रॅफिक लागल्यानं ती जरा मागून येणार होती. मी पांढरीचं दार उघडतोय तोवर मंडळी ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं आणि झेंडूचा जाड हार.

टायवाला म्हणाला, "आजी, ही फक्त बघायला आणलेली गाडी आहे. विकत घेतलेली नाही."

"पाव्हणीसुद्धा विकत घेत न्हाई आपण," ती म्हणाली. "दारात आली तर कुंकू लावतोच ना?"

टायवाला बाजूला सरकला. तिनं गाडीच्या पुढच्या जाळीवर बरोबर मधोमध हार घातला, दोन्ही टोकं दोऱ्यानं आवळून बांधली आणि वर कुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ मी फोडला. पाण्याचे थेंब टायवर उडाले.

पांढरी निघाली. टायवाला माझ्या शेजारी, पोरगा मागं. कंटेनर आडवे येत होते, दुचाकीवाले पोटाखालून निघत होते. मी माझ्या पद्धतीनं चालवत होतो. गाडी एक शब्द बोलली नाही. समोर एक पिवळा दिवा तेवढा लागला होता. टायवाला सारखी बटणं दाबायचा आणि पुटपुटायचा, "अपडेट बाकी असेल, काका. सॉफ्टवेअर आहे शेवटी."

"असू दे बाकी. झकास गाडी हाय," मी म्हणालो. "गुणी. मान खाली घालून चालते."

घरी आल्यावर मी पोराकडं बघितलं. ब्रेक एकदाही नाही. माझी छाती फुगायला लागली होती, तेवढ्यात लाल गाडीवाली मुलगी आली. तिनं आमच्या पांढरीकडं बघितलं आणि टायवाल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही रडारवर हार घालून फिरलात?"

टायवाल्यानं कपाळाला हात लावला. समोरचं अंतर मोजणारं यंत्र म्हणे त्या जाळीच्या मागंच असतं, ते झाकलं की बाकीचंही बंद पडतं आणि पिवळा दिवा लागतो. मंडळींनी बिचारीच्या तोंडावर किलोभर झेंडू बांधला होता.

"ही फेरी धरायची नाही," पोरगा म्हणाला.

"का? देवाचं नाव घेऊन गेलो होतो."

"आण्णा, डोळे बांधलेल्या गाडीत गेला होता."

हार काढायला मंडळी तयार होईना. शेवटी मुलीनंच तोडगा काढला. हार मागच्या काचेच्या पुसणीला बांधायचा. मंडळींनी थोडा विचार केला आणि म्हणाली, "चालेल. मागूनच तर लोक धडकतात."

मग लाल गाडी. हिचं तोंड मात्र मिटतच नव्हतं, ती एकसारखी चालू. खड्डा चुकवायला पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग आपणहून आत ओढायची. मी बाहेर, ती आत. अशी ओढाताण मी फक्त बैलाशी केली होती.

"काका, इंडिकेटर द्या, मग ती ओढणार नाही," मुलगी म्हणाली.

"खड्ड्याला इंडिकेटर?"

"हो."

"मग या रस्त्यावर तो बंदच करता यायचा न्हाई."

पुढं पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं. मुलगी म्हणाली, सारखे इकडं तिकडं होताय म्हणून गाडीला वाटतंय तुम्ही दमलात, चहा घ्या म्हणते. इतकी वर्षं माल वाहिला, मला चहाचं एका कंपनीनं विचारलं नव्हतं. मी पुढच्या टपरीवर गाडी लावली आणि तीन कटिंग सांगितले.

"काका, लगेच थांबायचं नसतं हो."

"बोलावल्यावर न्हाई कसं म्हणायचं?"

लालमध्येही ब्रेक एकदाही लागला नाही. परत येऊन मी पांढरीत बसलो, टायवाला शेजारी, पोरगा मागं. आता तिचं तोंड उघडं होतं. पट्टा ओलांडला की ही नुसती टुक असा आवाज करायची, हात धरायची नाही. मला आवडली. मी पोराला मोठ्यानं समजावत होतो, की लालचा स्वभाव भांडखोर, पण पाहुणचार करते. ही अबोल, पण चहापाणी नाही.

माझं वाक्य पुरं झालं नाही. गाडीनं कचकन ब्रेक मारला. सीटचा पट्टा छातीत रुतला. समोर लोखंडी सळ्या भरलेला टेम्पो उभा होता आणि बाहेर आलेल्या सळ्यांची टोकं बॉनेटपासून हातभर लांब होती.

माझा पाय निघाला होता. गाडीचा आधी पोचला.

"त्याच्या ब्रेकचे दिवे बंद हायत," मी म्हणालो. "दिवे न्हाईत आणि रस्त्यावर फिरतात."

"चालू आहेत, आण्णा," पोरगा हळूच म्हणाला. मागच्या सीटवरून त्याचा हात माझ्या खांद्यावर आला होता, तो त्यानं काढला नाही.

मी नीट बघितलं. टेम्पो अजून उभाच होता. डावीकडं तांबूस काहीतरी होतं, काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखं मळकट. उजवीकडंही तसंच. मी आयुष्यभर असे दिवे बघत आलो, ते लालभडक असतात. हे केव्हापासून असे झाले, ते मला सांगता येईना.

घरापर्यंत गाडी मी बैलगाडीच्या चालीनं आणली. टायवाल्यानं एकही बटण दाबलं नाही, खरं तर त्याचं यंत्र जिंकलं होतं.

मंडळी दारातच उभी. "कुठली घ्यायची?"

"पांढरी," पोरगा म्हणाला.

"आणि किल्ली?"

तो खाली वाकून बुटाची नाडी सोडत बसला. नाडी केव्हाच सुटली होती. मी खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढली आणि मंडळींच्या हातात दिली.

"ठेव. थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"ते मी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून येतो असं सांगून मी बाहेर पडलो, बस धरली आणि भोसरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. नर्सबाई बाटली घेऊन आली. म्हणाली, "बाबा, सोबत कोण आहे? थेंब घातल्यावर गाडी चालवता येणार नाही."

"म्हणून तर बसनं आलोय," मी म्हणालो आणि मान मागं टाकली.