अंदाजाने लिहिलेली वेळ

हेमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मी कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून कोपराने फोन स्पीकरवर टाकला. लखमीचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला. "बाय, बाई उठत नाय. अंगणात हाय. गार झाली." लखमी ही ताईंची शेजारीण, तलासरीच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. मी गॅस बंद केला, नवऱ्याला, अनिलना, उठवलं, पिशवीत दोघांचे कपडे आणि ताईंची कागदपत्रं टाकली. डहाणूहून पोचेपर्यंत पाड्यावरच्या बायकांनी त्यांना सरळ निजवून तोंड धुतलं होतं. केस दवाने ओले होते, चटई ओली होती. उजव्या गालाला आणि कानाला मातीचे कण चिकटलेले राहिले होते, ते मी रुमालाने पुसले. त्यांची खोली तिथून दहा पावलांवर, छप्पर शाबूत, दार उघडं, आत पलंगावर घडी न मोडलेली चादर. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही. पण गेले कित्येक हिवाळे ही बाई छपराखाली झोपली नव्हती, आणि ते का, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

हेमाताई माझ्या थोरल्या नणंद. तलासरीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही, बदली मागितली नाही, निवृत्तीनंतरही पाड्यावरची भाड्याची खोली सोडली नाही. "डहाणूत काय आहे? दिवे," असं म्हणायच्या. त्यांना अंधार हवा असायचा, कारण त्यांना उल्का मोजायच्या असायच्या. डिसेंबरात पुनर्वसूच्या जोडताऱ्यांकडून उल्कांचा वर्षाव होतो, तो त्यांचा वर्षाचा मोठा सण. मला या सगळ्यात पहिल्याच वर्षी ओढलं, कारण मी सरकारी कचेरीत कारकून. "मंजू नोंदी चोख ठेवते," असं त्यांनी अनिलना सांगितलं आणि माझी नेमणूक झाली. विचारलं कोणीच नाही.

त्यांची पद्धत अशी. अंगणात चार चटया फुलीसारख्या मांडायच्या, डोकी मध्ये, पाय बाहेर. ताई, अनिल आणि शाळेतले दोघे शिक्षक, अशा चौघांनी उताणं निजायचं आणि आपापल्या दिशेचं आकाश सांभाळायचं. उल्का दिसली की तिचं तेज कोणत्या ताऱ्याइतकं ते ओरडून सांगायचं, "एक, रोहिणीइतकी!" किंवा "एक, व्याधापेक्षा मोठी!" निजलेल्यांनी खाली पाहायचं नाही, कारण नजर हलली की पुढची निसटते. नोंद करणाऱ्याने वर पाहायचं नाही, कारण वर पाहिलं की घड्याळ निसटतं. नोंद करणारी मी. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधून, वही मांडीवर घेऊन, त्या चार डोक्यांच्या शेजारी रात्रभर बसायचं. अनिल चिडवायचे, "आमची बायको गेली बारा वर्षं उल्कावर्षावाला येते आणि तिने अजून एकही उल्का पाहिलेली नाही." खरंच होतं ते. अंधारातून चार माणसं आळीपाळीने "एक... एक... एक" म्हणत राहायची. तोंडं दिसायची नाहीत. पहाटे पहाटे असं वाटायचं, की ही माणसं आकाशाला उत्तरं देत आहेत आणि प्रश्न फक्त मला ऐकू येत नाहीत. मग ताई म्हणायच्या, "मंजू, झोपू नकोस, मिनिट लिही," आणि मी मिनिट लिहायची.

पुढे आमच्याकडे जमीन हलायला लागली. हे पालघरच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आधी खोलातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांडी थरथरायची. दिवसा माणसं हसण्यावारी न्यायची, पण दिवस मावळला की पाडेच्या पाडे घराबाहेर यायचे. त्या हिवाळ्यात लखमीचं सगळं घर, म्हणजे ती, नवरा आणि दोन नातवंडं, ताईंच्या अंगणाला लागून प्लास्टिक बांधून निजत होतं. धाकटा नातू खोकून खोकून काळानिळा व्हायचा. भुईला भ्यावं की थंडीला, हे कळेनासं झालं होतं. आणि अशातच डिसेंबरचा वर्षाव आला. ताई म्हणाल्या, "माणसं जागीच आहेत, आपण मोजू."

त्या रात्री तीनच्या सुमाराला माझ्या मांडीवरची वही एकाएकी पांढरीशुभ्र झाली. लाल टॉर्च दिसेनासा झाला. कागदावर माझ्या पेन्सिलीची काळी सावली उमटली आणि ती सावली भराभर सरकत कागदाच्या कडेपर्यंत गेली. आवाज कसलाच नाही. चौघांपैकी कोणी "एक" म्हणालं नाही. मी वर पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. उल्का संपलेली होती, पण तिची हिरवट रेघ तिथेच होती, आणि ती हळूहळू वाकडी होत होती, कोणी बोटाने ओढल्यासारखी... किती वेळ पाहत राहिले, मला आजही सांगता येणार नाही. "वेळ लिहिलीस?" ताईंचा आवाज आला. "लिहिली," म्हणाले, आणि मग खाली पाहून, आधीच्या नोंदीवरून, तीन वाजून बारा मिनिटं असं लिहिलं. अंदाजाने.

मग दणका झाला. प्लास्टिकखालची माणसं उठून बसली. लखमी ओरडली, "बाई, भुईचा काय?" ताईंनी मला विचारलं, "मंजू, उल्केपासून किती?" दणक्याची वेळ मी घड्याळात नीट पाहिली होती, तीन चौदा आणि वर तीस सेकंद. वजाबाकी केली. "अडीच मिनिटं." अंधारात त्या मोठ्याने हिशेब करत होत्या. आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद, म्हणजे पन्नास किलोमीटर, म्हणजे उल्का जिथे फुटते तिथलाच आवाज. त्यांना इतका आनंद झाला होता! "लखमी, हा भुईचा नाही गं. आभाळातला आहे. पोरांना घे आणि आत जाऊन नीज, थंडीने मरतील." लखमीने त्यांचं ऐकलं. शाळेतल्या बाई सांगतात म्हटल्यावर का ऐकणार नाही? सगळं घर आत गेलं. उजाडायच्या आधी धक्का बसला आणि घराची मागची भिंत आत पडली. पोरं लखमीच्या अंगाखाली वाचली. तिचा उजवा हात कोपरापासून चेचला, तो नंतर कधी वाकला नाही. पूर्वी ती वाड्यांवर चिकू तोडायला जायची. एका हाताच्या बाईला वाडीवर कोण बोलावतं?

पहिला दणका आभाळातला होता की भुईतला, कोणालाच सांगता येणार नाही. मधला वेळ अडीच मिनिटं होता की दहा सेकंद, हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं. ताईंनी चटया गुंडाळल्या. आमच्यासमोर पुन्हा कोणाला आत जा म्हणाल्या नाहीत, बाहेर या म्हणाल्या नाहीत. आणि हिवाळा लागला की स्वतः अंगणात निजायला लागल्या, एकट्या. आम्ही रागावलो, अनिलनी भांडून पाहिलं. मला कारण दिसत होतं, बाई स्वतःला शिक्षा करून घेत होती. ती एका वाक्याने थांबली असती. 'वेळ मी अंदाजाने लिहिली.' चार शब्द. पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून बोलले नाही. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी का बोलले नाही हे सांगावं लागेल म्हणून.

या दिवाळीत ताई डहाणूला आल्या होत्या. मी चकल्या तळत होते, त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मंजू, एक विचारू? त्या रात्री तू घड्याळ पाहिलं होतंस ना?" झारा माझ्या हातात होता. मी म्हणाले, "पाहिलं होतं." "मग ठीक," म्हणाल्या. "म्हणजे चूक माझीच." आणि चकली उचलून खाल्ली, म्हणाल्या तिखट छान झाली आहे.

तेराव्यानंतर खोली रिकामी करायला मी एकटीच गेले. रिकामी खोली घरमालकाला द्यायची होती, आणि लखमीला सांगायचं होतं. कॅलेंडर पाहून दिवस निवडला नव्हता, पण वर्षावाचीच रात्र होती. लखमी ओट्यावर डाव्या हाताने वाल सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घड्याळ, अंदाज, दिवाळी, सगळं. तिने मान वर केली नाही.

"हां," म्हणाली. मग, "म्हणून बाई बाहेर निजायची, असं म्हणतेस?"

"मग कशासाठी?"

"तुला येवढंबी ठाऊक नाय?" ती आता माझ्याकडे पाहत होती. "आभाळ कुठं बघायची ती! पालथी निजायची. उजवा कान भुईला. आवाजाच्या आधी कायतरी येतं म्हणायची, बारीक. ते आलं की थाळी बडवायची, आम्ही पोरं उचलून बाहेर. बाई बाहेर, म्हणून आम्ही आत. सगळा पाडा."

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. खोकणारा तो धाकटा नातू, आता चांगला उंच झालेला, आतून आमच्याकडे बघत होता.

"आता कोण निजतं?" मी विचारलं.

"कोण निजंल? कोणाला ऐकू येत नाय." तिने वालाच्या साली झटकल्या. "आज तू हायस."

मी नको म्हणाले नाही. चटई टाकली, घड्याळ मनगटावर ठेवलं, थाळी आणि पळी उशाशी घेतली आणि पालथी झाले. शेणाने सारवलेली जमीन ओलसर, गार. पाठीवर सगळं आकाश, त्यातून उल्का पडत असणार, एकही दिसत नव्हती. पाड्यातली दारं एकेक करून आतून लागली, त्यांचे आवाज मी मोजले. पहिले दोन तास फक्त माझ्याच रक्ताची धडधड ऐकू आली. मग कुत्री गप्प झाली, आणि त्या धडधडीखाली दुसरं काहीतरी सुरू झालं. दूरच्या जात्यासारखं... किंवा खूप माणसं तोंड मिटून एकच सूर धरतात तसं. शास्त्रात याला आधार आहे का, मला माहीत नाही. माझ्या कानात असेल, मला हवं होतं म्हणून असेल. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून एकेचाळीस मिनिटं, वर आठ सेकंद. उठले आणि थाळी बडवली.

दारं उघडली. माणसं गोधड्या ओढत, पोरं खांद्यावर टाकून बाहेर आली. लखमी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "येणार काय?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "मला तसं वाटलं, एवढंच."

कोणी परत आत गेलं नाही. आम्ही सगळे बसून राहिलो, भुईकडे बघत. उजाडलं तरी काही झालं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं."

"बाईचंबी चुकायचं," लखमी म्हणाली. "दहादा उठवायची, तवा येकदा यायचा. चल, चहा टाकते."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. खोली मी सोडलेली नाही, शनिवारी शनिवारी जाते. इतर दिवशी डहाणूला आपल्या पलंगावर झोपते, पण उजव्या कुशीला, आणि कधी कधी उशीतून ते सुरू होतं. अनिल म्हणतात, कान दाखवून ये. मी उठते, घड्याळ पाहते, लखमीला फोन लावते. ती पहिल्याच रिंगला उचलते. कोण बोलतंय, विचारत नाही. हळूच म्हणते, "तुलाबी आलं?" मग आम्ही दोघी फोन कानाला धरून ऐकत बसतो.