चित्रात शत्रू नव्हता

ठसेवाल्या काकांनी उभ्या जन्मात एकही लढाई पाहिली नव्हती, पण शेकडो कोरल्या होत्या. वर्तमानपत्राच्या कचेरीत जिन्याखाली त्यांची खोली. आघाडीवरून चार ओळींची बातमी यायची आणि काका लाकडी ठोकळ्यावर उधळलेले घोडे, उपसलेल्या तलवारी, पळणारा शत्रू उभा करायचे. सेनापतीला कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मिशा द्यायचे. न्हावी खूश असायचा.

"घोडे वाढवा जरा," संपादक म्हणायचे. काका वाढवायचे. त्यांच्या बापाचं काय जात होतं?

नव्या लढाईला तोंड फुटलं, त्याच्या तिसऱ्या महिन्यात संपादकांनी त्यांच्यापुढे फोटो टाकला. कॅमेरावाला थेट आघाडीवर जाऊन आला होता. "आपल्या यंत्रावर फोटो छापता येत नाही. यावरून ठसा कोरा. उद्याच हवा."

चर, चिखल आणि आडवे पडलेले सहा शिपाई. काका बराच वेळ शोधत राहिले.

"साहेब, शत्रू कुठंय?"

"तीन मैलांवर. नव्या तोफा तेवढ्या लांबून मारतात."

"मग हे लढले कुणाशी?"

"घोडेस्वार घाला चार-दोन. आणि पडलेले कमी करा."

काकांनी हत्यार उचललं, ठेवलं. पाणी प्यायले. पुन्हा बसले. कमी करायचं म्हणजे कुणाला? डावीकडून दुसऱ्याचं तोंड वर होतं. त्याचा एक कान वरून दुमडलेला होता. काकांनी फोटो उजेडाकडे धरला. हा कान त्यांनी शेजारच्या पायरीवर लहानाचा मोठा होताना पाहिला होता. शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा एकुलता एक. 'खुशाल आहे' असं त्याचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं.

फोटो कोटात घालून काका भर दुपारी घरी आले. वहिनींच्या दारापर्यंत तीनदा गेले, तीनदा परतले. आत मशीन खडखडत होतं. चौथ्यांदा मात्र पाय आत गेले.

"वहिनी, मशीन थांबवा जरा."

त्यांनी फोटो पाहिला. मग हसल्याच. "काहीतरीच, भाऊजी! तुमची चित्रं तुम्ही मनानं काढता, ठाऊक आहे मला."

"हे मी काढलेलं नाही, वहिनी."

त्यांचं बोट कानावर जाऊन थांबलं. त्या म्हणाल्या, "डोळे उघडेच राहिलेत. फोटो काढणाऱ्यानं तरी मिटायचे होते."

काका फोटो घेऊन कचेरीत परतले.

सकाळी त्यांनी ठोकळा संपादकांपुढे ठेवला. सहाच्या सहा जण पडलेले. घोडा एकही नाही. डावीकडून दुसऱ्याचे डोळे मात्र काकांनी मिटले होते. ती एवढी एक लबाडी त्यांनी केली. संपादक संतापले, पण दुसरा ठसा करायला वेळ नव्हता. संध्याकाळच्या आत सगळा अंक खपला. संपादकांचा राग कुठल्या कुठे पळाला. "असेच आणखी हवेत," ते म्हणाले.

वर्षभरात फोटो छापणारं यंत्र आलं आणि जिन्याखालची खोली रिकामी झाली. काका आता कापडावर छापायची फुलं कोरतात. हात तिथं असतो, जीव नसतो. कचेरीच्या फळ्यावर रोज नवे फोटो लागतात. लोक चहा पीत बघतात आणि पुढे जातात. काका गर्दीत घुसून एकेक चेहरा निरखतात, घरी येतात. तोवर पुन्हा जावंसं वाटतं.

संध्याकाळी वहिनी खिडकीतून विचारतात, "आज कुणी ओळखीचं?"

"नाही," काका म्हणतात, आणि चपला न काढताच उभे राहतात.