तीन जत्रा अडकलेला सवाल

मुंबईहून निघताना माझ्या पेटीत दोन धोतरं, एक पंचा आणि परिषदेचे छापील शिक्क्याचे दोन कागद होते. आमची परिषद म्हणजे हिंदुस्थानभरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बाजू सरकारदरबारी मांडायला निघालेली मंडळी. निजामाच्या मुलखातून, बीडकडचा एक भेदिक शाहीर अधिवेशनासाठी घेऊन यायचा, एवढंच माझं काम. रजा आठ दिवसांची. मला एका जागी बसवत नाही, म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात पडतात, आणि मीही हौसेने पडू देतो.

नगरपर्यंत आगगाडी. पुढे मोटार, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. मी चारदा खाली उतरलो, चारदा वर चढलो. ड्रायव्हर वैतागला. "सायेब, तुमी उतरलात की एक जागा रिकामी व्हती. मग गाडी भरंल कशी?"

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका आहे. तिथे पेटी तळापर्यंत उपसतात. तुम्ही जाणार असाल तर कुलूप लावूच नका. आपले कलदार रुपये देऊन तिथेच थोडे निजामी हाली शिक्के घेऊन ठेवा, पुढे खेड्यात मोड मिळता मिळत नाही.

पाटोद्याला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. सीताफळांच्या टोपल्यांतून वाट काढत, ज्यांना न्यायचं त्या भानुदास शाहिरांचं घर गाठलं. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. आवाज असा की नुसतं "या, बसा" म्हणाले तरी भिंतीपलीकडे ऐकू जावं. मी लगेच परिषदेचं बोलावणं सांगितलं. त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. डफ उलटा टांगला होता आणि त्याला काळं फडकं बांधलेलं होतं.

"सवाल हाय डोक्यावर," ते म्हणाले. "चौसाळ्याच्या दगडू शाहिराचा."

ज्यांनी भेदिक ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन फड समोरासमोर बसतात, एक गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर पुढच्या जत्रेपर्यंत मुदत. तोवर त्या फडाने दुसरीकडे कुठेही डफ वाजवायचा नाही, हा इकडचा रिवाज. आणि मांजरसुंब्याच्या माळावरची जत्रा भरून तीन वर्षं झालेली. जमाव भरवायला आता कचेरीचा परवाना लागतो, आणि या दोघांना तो मिळत नव्हता.

"मग जवाब सुचला नाही का अजून?"

"पहिल्याच म्हयन्यात सुचला की!"

"तो मला सांगा. मी उद्या चौसाळ्याला जाऊन त्यांना सांगतो. मोकळे व्हाल."

असं म्हणायला नको होतं. शाहीर उठून उभेच राहिले. "काहून सांगू तुमाला? जवाब काय चिठ्ठी हाय व्हय, खिशात घालून न्यायला? डफावर दीन, लोकांम्होरं दीन, न्हाईतर संगं घिऊन मरंन."

त्यांच्या बायकोने मध्ये पडून मला भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ठेचा जपून खा, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने मांजरसुंबा आणि तिथून चौसाळा. गाडीवान बैलांना आंजारत गोंजारत हाकत होता आणि माझा जीव टांगणीला. शेवटचे दोन कोस मी सरळ उतरून चालत गेलो. गाडी माझ्या आधी पोचली.

दगडू शाहीर सत्तरीचे, बोलताना दर वाक्याला खोकत होते. सवाल माफ करा, म्हणजे भानुदास शाहीर मोकळे होतील, अशी विनंती मी केली. ते घरातल्यांना बाहेर पाठवून जवळ सरकले.

"त्याच्याकडं जवाब हाय म्हणता? खरंच हाय?"

"आहे म्हणाले."

"सायेब, मलाबी त्यो येत न्हाई. गाता गाता सवाल तोंडातून निसटला. 'दिवा नव्हता तवा सावली कुठं ऱ्हात व्हती?' तीन वर्सं झोप न्हाई. मरायच्या आत तेवढा ऐकवा."

अधिवेशन, शाहिरांना घेऊन जाणं, सगळं एकदम पोरकट वाटायला लागलं.

तसाच उठून बीडला गेलो. कचेरीत पेशकार, म्हणजे कागदपत्रं पाहणारा कारकून, सभ्य होता, पण अडून बसला. "जिम्मा किसका? आनेवाले आते, गाते, जाते. कुछ हुआ तो हम किसको पकड़ेंगे?" मी परिषदेचा छापील कागद काढला, जबाबदारी परिषदेची असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. असली सही करायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

पेशकाराने शिक्का निरखला. "और सवाल क्या है? सरकार के बारे में?"

मी सवाल सांगितला. तो हसला, मग त्याचं हसू थांबलं. "जवाब?"

"तो एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो जत्रेशिवाय सांगणार नाही."

कागद वर पाठवतो, म्हणाला. त्यापलीकडे शब्द दिला नाही. माझी रजा संपली होती. परतीच्या मोटारीतून मी एकदाही उतरलो नाही, आणि सारा रस्ता मनात तेच घोळत होतं, की आपण त्या म्हाताऱ्याला उगाच आशा तर लावली नाही ना.

मुंबईत परिषदेच्या सेक्रेटरींनी आधी विचारलं, "शाहीर कुठे?" मग सहीची हकीकत ऐकून जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. परिषदेतून मला काढायचं की ठेवायचं, हा विषय बैठकीत यायचा होता.

त्याआधी चौसाळ्याहून पत्र आलं, शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. "परवाना मिळाला. जत्रा भरली. पाटोद्यानं जवाब दिला, लई भारी दिला. मलाच म्हाईत नव्हता हे मी चारचौघांत कबूल केलं, म्हणून तुमीबी आता कुणालाबी सांगा. कचेरीतले सायेब पुढच्याच रांगेत बसले व्हते. आता पाटोद्याचा सवाल माझ्या डोक्यावर हाय. डफ उलटा टांगलाय. पुढच्या जत्रेचा कागद आत्ताच पाठवा, माझा भरवसा न्हाई."

पत्र सेक्रेटरींपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, उलटून कोरी बाजूही पाहिली.

"पण जवाब काय होता?"

"ते कळवलेलं नाही."

परिषदेचा दुसरा छापील कागद त्याच दिवशी बीडला गेला. या वेळी खाली सही सेक्रेटरींची होती.