खांडीवर पोरं नकोत

इंदुबाई तापट, हे पेणच्या खाडीकाठी कुणीही सांगेल. का तापट, ते मात्र कुणी सांगणार नाही. सांगितलं तर गावाचीच अब्रू जाईल!

बाई मूळच्या रोह्यापलीकडच्या अष्टमीच्या. कुंडलिकेचा पूर बघतच वाढलेल्या. बिऱ्हाड रामवाडीत आणि नोकरी खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधालगतच्या गावातल्या शाळेत. २००५च्या पावसाने सगळ्यांची झोप उडवली, तेव्हा शाळांतून आपत्तीचे धडे सुरू झाले. इतरांनी तक्ते टांगून हात झटकले, बाईंनी ते मनावर घेतलं. लांब घंटा झाली की दप्तर टाकायचं, धाकट्याचा हात धरायचा आणि गच्ची गाठायची. हे त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं.

तालुक्याचे साहेब सराव बघायला आले. घंटा झाली, आणि अख्खी शाळा गच्चीकडे पाठ फिरवून बांधाकडे पळत सुटली.

गावची रीतच तशी. बांधाला भगदाड पडलं की ती खांड, आणि खांडीची हाळी आली की घरातले सगळे हात बांधावर. रांग लावून चिखलाचे गोळे पुढे द्यायचे. रांगेत सगळ्यांत पुढे, अगदी पाण्याच्या तोंडाशी, पोरं! का, तर ती हलकी, त्यांच्या वजनाने काठ ढासळत नाही. काय हो हे डोकं!

साहेब हसले. गावचे पुढारी गुणाजी छाती फुगवून म्हणाले, "बगा, आमची पोरा! सांगावा लागत नाय."

"लाज वाटत नाही?" बाई कडाडल्या. "पोरं जन्माला घालता ती खांडीत लोटायला?"

"बाई, तुमी रोह्याकडच्या. खारा पानी शेतान शिरला का तीन साल भात नाय. मग पोरांना काय घालू?"

ते खरं होतं. म्हणूनच बाई आणखी भडकल्या. त्या दिवसापासून दर शनिवारी सराव, आणि बांधाकडे वळणाऱ्याला असं झापायच्या की पोरं चळचळा कापायची.

पुढल्या श्रावणात, अमावस्येच्या उधाणाला, भर दुपारी खांड पडली. बाईंनी घंटा बडवली. या खेपेला पोरं गच्चीवर गेली.

चिखलाने माखलेले गुणाजी धावत आले. त्यांची नात बायजा वरच होती. "पोरा सोडा! हात कमी हायत!"

बाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "मला तुडवून जा."

गुणाजींनी दिलेल्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. ते परतले. बांध गेला आणि खाडी शेतात शिरली.

गावाने बाईंशी बोलणं टाकलं. त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारेना. ग्रामसभेत गुणाजी गरजले, "पोरा आली असती तर खांड बुजली असती!"

बाई उठल्या.

"बुजली असती. कुणाचं पोर घालून, तेवढं सांगा."

अख्खं गाव बसलं होतं. कुणीही नाव घेतलं नाही.