टाकलेली
काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत माझी ओळख एकच: नवऱ्याने टाकलेली. घटस्फोटाचा निकाल लागून वर्ष झालं, तरी बायकांची हळहळ काही संपेना.

नवी खोली बघितली, तर घरमालकीण म्हणाली, "कोर्टाचा कागद आण." मी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हाफ डे टाकला आणि निकालाची नक्कल मागायला कोर्टात गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "अर्जदार कोण? मिस्टर ना?"

"मी," म्हटलं. "मार खायचा कंटाळा आला, म्हणून अर्ज मीच केला."

त्याने मान खाली घालून फाइल शोधली. नक्कल हातात आली, तेव्हा पहिल्याच पानावर अर्जदार म्हणून माझं नाव होतं. नवऱ्याचं खाली होतं, जाबदार म्हणून. म्हणजे जाब द्यायचा तो. संसारात त्याने कधी कशाचाच दिला नव्हता.

घरमालकिणीने कागद उलटासुलटा केला आणि चुकचुकली, "एवढ्या तरुणपणी टाकली गं तुला!"

मी तिचं बोट धरून पहिल्या पानावर ठेवलं.

"मावशी, नीट वाचा. टाकलेला तो आहे."